बाटली डोक्यावर उलटी

स्पीड मार्चच्या आदल्या संध्याकाळी मला एकच काम दिलं होतं. मीठ, साखर आणि लिंबाचं पाणी एक ड्रमभर तयार करणे. फौजेची पूर्ण नोकरी आणि त्यावर डेपोची चार वर्षं झालेल्या हवालदाराला एवढं जमायला हरकत नव्हती. कुकहाउसमध्ये मीठ आणि साखर एकाच मापाच्या दोन पत्र्याच्या डब्यांत असायची. मी एका डब्यातून मीठ घातलं. मग लांगरी बिष्टशी लिंबांवरून वाद घालत साखर घातली. तीही त्याच डब्यातून.

बिष्ट आमचा स्वयंपाकी, गढवालचा. रागावला की आधी डोळे मिटायचा. त्याने पळीभर चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, "जाधव साब, अब इसमें दो पापलेट छोड़ दो. आराम से जी लेंगे."

ड्रम गटारात ओतला. नवा केला. दोघांनी मिळून तीनदा चव घेतली. पण रोल कॉलपर्यंत गोष्ट सगळ्या प्लाटूनमध्ये पसरली होती. उरणच्या बाजूला अजून थोडी मिठागरं शिल्लक आहेत, त्यामुळे माझं नाव 'मिठागरवाला' पडायला वेळ लागला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. सुनंदा पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "स्वयंपाकघरात शिरू नका, हे मी लग्नापासून सांगतेय. फौजेला आज कळलं."

आमची प्लाटून म्हणजे काय, ते आधी सांगतो. फौजेतून पेन्शनवर आलेल्या काही जवानांना परत घेतात आणि डेपोच्या पहाऱ्यावर ठेवतात. न्हावा शेव्याच्या बाजूला, खाडीकाठी आमचा डेपो होता. आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले. रायफल तीच, युनिफॉर्म तोच, कंबर मात्र बदललेली. सकाळी फॉल-इनला 'सावधान' झालं की बुटांच्या आधी गुडघे वाजायचे.

या नोकरीला मुदत असते. मुदत संपली की एक्स्टेन्शन मिळतं, पण दोन गोष्टी बघून. मेडिकल आणि फिजिकल. मेडिकलमध्ये बीपी निघालं, शुगर निघाली की कॅटेगरी खाली येते. कॅटेगरी खाली आली की बिस्तरा बांधायचा आणि गावचा रस्ता धरायचा.

त्या वर्षी हवालदार शिवराम भोईटेची मुदत संपत होती.

भोईटे साताऱ्याकडचा. उंच, सडपातळ, मिशीला रोज तेल. तो माझा बडी होता. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. पहाऱ्यावर दोघं एकत्र, एकाला ताप आला तर दुसरा त्याचं ताट आणतो. फॅमिली क्वार्टरमध्ये आमची दारं समोरासमोर होती. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे आमच्याकडे कळायचं. मंगल वहिनी आणि सुनंदा यांचं दिवसातून दहा वेळा येणं-जाणं. आम्ही नवरे फक्त पगाराच्या दिवशी कामाचे.

त्याला मी एकदा विचारलं होतं, "अजून दोन वर्षं कशाला रे? पेन्शन आहे, गावाला घर आहे. मजेत राहा."

"आणि करू काय?"

"करण्यासारखं खूप असतं. एखाद्या सोसायटीत सिक्युरिटीचं बघ."

"म्हणजे मॅडमची गाडी आली की दांडा वर, गेली की दांडा खाली?" तो म्हणाला. "जाधवा, मी बर्फात पोस्ट सांभाळलीय. पार्सलवाल्या पोरांना 'कुठल्या फ्लॅटला' विचारायला नाही सांभाळली."

आज मी जुईनगरला एका सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर आहे. दांडा आता बटनावर वर जातो. बाकी भोईटे म्हणाला तसंच आहे.

आता बाटलीच्या नियमाचं.

त्याआधी काही वर्षं पाच किलोमीटरच्या टेस्टमध्ये आमचा एक जवान उन्हाने कोसळला होता. तो वाचला. पण चौकशी झाली आणि हुकूम निघाला की पळण्याच्या वेळी पाणी पिण्यात हयगय चालणार नाही. हुकूम कागदावर एका ओळीचा होता. सुभेदार राणा साहेबांनी तो मैदानात उतरवला. प्रत्येक वॉटर पॉइंटवर प्रत्येकाला अर्ध्या लिटरची बाटली. उभ्या उभ्या संपवायची. संपली की सगळ्यांसमोर डोक्यावर उलटी धरायची. डोकं कोरडं राहिलं तर पुढे चला. ओलं झालं तर दुसरी बाटली.

राणा साहेब पहाडी माणूस. कडक, पण जवानाच्या पोराचं ॲडमिशन अडलं तर स्वतः शाळेत जाऊन बसणारा. तो जवान पडला तेव्हा त्याचं डोकं साहेबांच्याच मांडीवर होतं. त्यामुळे तो नियम त्यांनी मनापासून केला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणीतरी दोषी शोधावासा वाटतो. मलाही वाटला होता.

मार्च शनिवारी होता. मे महिना. एक्स्टेन्शनवाले अकरा जण. पाठीवर छोटा पॅक, हातात रायफल, वीस किलोमीटर. डेपोच्या गेटपासून खाडीच्या बांधापर्यंत आणि परत. चालत-पळत चार तासांत पूर्ण करायचं. माझा गुडघा तेव्हा लाइट ड्युटीवर होता, म्हणून मला पाण्याची जिप्सी मिळाली. मागे क्रेटमध्ये बाटल्या, माझा तो प्रसिद्ध ड्रम, एक रेडिओ सेट आणि एक ड्रायव्हर. सगळ्यात शेवटी ॲम्ब्युलन्स. तिच्यात नर्सिंग असिस्टंट थॉमस.

सुटायचं होतं साडेपाचला. इन्स्पेक्शनला येणारे साहेब बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकले. आम्ही तोवर उभे. सुटलो सातनंतर. म्हणजे गार वेळ सगळी उभं राहण्यात गेली.

इथलं ऊन राजस्थानसारखं नाही. मी दोन्ही बघितली आहेत. राजस्थानात घाम येतो आणि उडून जातो. इथे घाम येतो आणि राहायलाच येतो. खाडीची हवा अंगाला चिकटते. शर्ट पिळला तर बादली भरेल, पण अंग काही गार होत नाही.

पहिल्या पॉइंटला भोईटे तिसरा आला. चेहरा टवटवीत. मी ड्रममधून ग्लास भरून पुढे केला.

"हे काय?"

"मीठ, साखर, लिंबू."

"म्हणजे मिठागर?" तो मुद्दाम मोठ्यांदा म्हणाला. सगळे हसले. "तुझं मिठागर तुझ्यापाशी ठेव. मला गोडं पाणी दे."

"अरे, कालचं ओतून दिलं. हे चांगलं आहे. बिष्टला विचार."

"बिष्टचं जेवण मी रोज जेवतो. त्याच्या जिभेवर माझा विश्वास नाही."

त्याने बाटली घेतली. संपवली. डोक्यावर उलटी धरली. थेंब नाही. मग दुसरी मागितली.

"पोटात विहीर आहे का रे?"

"साहेब बघतायत," तो हळूच म्हणाला.

राणा साहेब बघत होतेच. मोटरसायकलवर एक पाय टेकून. "शाबाश भोईटे! देखो सब लोग. इसको बोलते हैं वॉटर डिसिप्लिन."

बाकीच्यांनी एक-एक ग्लास माझं मिठागर घेतलं, तोंडं वाकडी केली आणि पुढे गेले. एक-दोघांनी बाटलीतलं पाणी मानेवर ओतायचा प्रयत्न केला. साहेबांनी पकडलं. दुसरी बाटली पाजली.

दुसरा पॉइंट एका मोठ्या झाडाखाली होता. तिथे गावातल्या एक आजी टोपलीत ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. अकरा रायफलवाले घामाघूम पळत आलेले बघून त्यांनी मला विचारलं, "काय रं, चोर पलाला का? इतकं पोलीस धावतान ते?"

"आजी, आम्ही मिलिटरीवाले."

"मंग मिलिटरीचा चोर पलाला का?"

भोईटे त्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. तो हसतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. दोन बाटल्या पिऊन, दोन्ही डोक्यावर धरून दाखवून तो पुढे गेला. स्वतःची कमरेची बाटलीही भरून घेतली. मधल्या अंतरात लागली तर, म्हणाला.

चौथ्या पॉइंटला, बांधावर जिथून वळायचं होतं तिथे, तो सहावा आला. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"ठेव. काचतंय."

मनगटावर पट्ट्याचा खोल वण उठला होता. बोटं सुजल्यासारखी जाड दिसत होती. मी म्हणालो, "वहिनींच्या हातचं लागलंय. लग्नातल्या मापाचं घड्याळ आता कुठलं बसतंय?"

"डोकं धरलंय रे."

"ऊन आहे. पाणी पी."

दुसरं काय म्हणणार होतो? डोकं धरलं, ऊन आहे, पाणी पी. लहानपणापासून आपण सगळे हेच ऐकतो. तो प्यायला. पुढे निघाला तेव्हा त्याच्या पोटातलं पाणी डचमळलेलं मला ऐकू आलं. त्यालाही आलं. पोटावर थाप मारून म्हणाला, "टँकर निघाला बघ." आता तो पळत नव्हता. चालत होता.

जिप्सी घेऊन मी परत आजीच्या झाडाखाली येऊन थांबलो. परतीच्या वाटेवर हा पंधरा किलोमीटरचा पॉइंट. एकेक जण येऊन गेला. भोईटे शेवटचा आला. टोपी हातात, रायफलचा पट्टा खांद्यावरून उतरलेला, बट जमिनीला घासतंय. भोईटेच्या रायफलला जमीन लागलेली मी कधीच बघितली नव्हती.

"जाधवा, आपण डेपोत आलो ना?"

"हो तर. आणि मी ब्रिगेडियर झालो."

तो हसला नाही. हात पुढे केला. मी सवयीने बाटली दिली. तो अर्धी प्यायला, थांबला, आणि ती उरलेल्या पाण्यासकट डोक्यावर उलटी धरली. पाणी केसांतून, मिशीतून, शर्टात गेलं. तो तसाच उभा. बाटली रिकामी झाली तरी हात खाली आला नाही. साहेब तिथे नव्हते. बघणारं कुणीच नव्हतं, मी आणि आजी सोडून.

मी जाऊन त्याचा हात खाली घेतला. मग तो बसला. मग ओकला. पाणीच पडलं. नुसतं स्वच्छ पाणी, नळाचं असावं तसं.

मी सेट उचलला. सेटवर आमच्या जिप्सीचं नाव 'टँकर' होतं.

"बेस, टँकर. भोईटे बसला. उलटी झाली. बोलणं भरकटतंय. ओव्हर."

राणा साहेबांचा आवाज आला. "टँकर, बेस. हीट का केस है. छांव में लो. बूट खोलो, कपड़े ढीले. पानी पिलाओ, पानी डालो. ॲम्ब्युलन्स भेज रहा हूँ. ओव्हर."

"रॉजर."

मी बूट काढले. पट्टा सैल केला. ड्रायव्हरने अंगावर पाणी ओतलं. आजींनी टोपलीवरचं ओलं फडकं दिलं आणि म्हणाल्या, "सावलीन घे रं त्याला, मुळाशी टेकव." मी त्याचं डोकं धरून पाणी पाजलं. तो ओकला. परत पाजलं. परत ओकला. हुकुमाप्रमाणे सगळं चाललं होतं आणि माणूस हातातून निसटत होता.

थॉमस धावत आला. थर्मामीटर लावला. बघितला. झटकून परत लावला.

"टेम्परेचर नहीं है," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हीट स्ट्रोक में बॉडी तपता है. ये तो ठंडा है."

"मग काय झालंय याला?"

थॉमसने माझ्याकडे बघितलं. "पता नहीं, सर."

मी त्याचा सर नव्हतो. त्याला तेव्हा कुणीतरी सर हवा होता, एवढंच.

भोईटे आता हाकेला नीट ओ देत नव्हता. थॉमस म्हणाला, "मुँह से अब कुछ नहीं देना. चलो." आम्ही स्ट्रेचर उचललं. रायफल ड्रायव्हरकडे सोपवली, सही नंतर करतो म्हणालो. मी ॲम्ब्युलन्समध्ये मागे बसलो.

हॉस्पिटल नवी मुंबईत. एरवी पाऊण तासाचा रस्ता. बंदराच्या फाट्याला येईपर्यंत सायरन वाजवत नीट आलो. फाट्याला कंटेनरवाले ट्रेलर उभे. दोन लेन भरलेल्या, तिसरीतही घुसलेले. नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल, निळे, हिरवे डबे. ज्यांनी तो रस्ता बघितला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मी खाली उतरलो. युनिफॉर्म बघून ट्रेलरचे ड्रायव्हर लगेच उतरले. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. एक सरदारजी स्वतः रस्त्याच्या मधे उभं राहून हात हलवत होता. दोघांनी गाड्या वीतभर इकडे, वीतभर तिकडे केल्या. पण चाळीस फुटांची गाडी जाणार कुठे? सरदारजी घामाने निथळत माझ्याकडे आला. "फौजी भाई, मेरे आगे भी दीवार है, पीछे भी दीवार है. बताओ क्या करूँ?"

मी काय सांगणार होतो? एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हुकूम घ्यायला शिकवलं होतं आणि द्यायलाही. तिथे दोन्हींचा उपयोग नव्हता. मी त्याला म्हणालो, "कुछ नहीं, सरदारजी." आणि परत आत जाऊन बसलो.

आत भोईटेला झटका आला. थॉमसने त्याला कुशीवर वळवलं आणि धरून ठेवलं. मी पाय धरले. दोन्ही पाय माझ्या हातांत थडथडत होते. मग थांबले. तो घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "भोईटे, पाच किलोमीटर राहिलेत फक्त." का म्हणालो, कुणास ठाऊक. दुसरं सुचलं नाही.

रांग हलली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पटापट विचारलं. किती वेळ चालले? किती पाणी प्यायले?

मी ठासून सांगितलं, "भरपूर, मॅडम. एकही पॉइंट सोडला नाही. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या."

त्या लिहायच्या थांबल्या. "मीठ? ओआरएस? काही खाल्लं?"

"नाही. नुसतं पाणी."

"लघवीला?"

मला आठवेना. तो एकदाही आडोशाला गेलेला मी बघितला नव्हता.

तोवर राणा साहेब आले. डेपोच्या गाडीतून मंगल वहिनी आल्या, सोबत सुनंदा. डॉक्टर मॅडमनी वहिनींना विचारलं, "यांना काही गोळ्या चालू होत्या का? बीपी, शुगर, काहीही?"

वहिनींनी आधी साहेबांकडे बघितलं. साहेब टोपी काखेत धरून उभे होते. वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नाही. काहीच नाही."

तासाभराने रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर मॅडमनी आम्हाला समजेल असं सांगितलं. रक्तात मीठ असतं. घामातून ते जातं. वरून नुसतं पाणी भरत गेलं, तर उरलेलं मीठ पातळ होतं. मग ते पाणी शरीरात मुरतं, बोटं सुजतात. मेंदूही सुजतो. मेंदूला सुजायला कवटीत जागा नसते.

"म्हणजे पाणी कमी नाही पडलं?" राणा साहेबांनी विचारलं. हिंदीत विचारलं, अगदी हळू.

"नाही. जास्त झालं."

साहेब भिंतीला टेकले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कशाला टेकलेलं बघितलं नव्हतं.

मीठ असलेलं सलाइन लावलं, मशीन लावलं. जे करायचं ते सगळं केलं. आम्ही बाकड्यावर बसलो. थोड्या वेळाने सुनंदा आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐका. भावोजींना बीपी होतं. दीड वर्ष गोळी चालू आहे. बाहेरच्या डॉक्टरची. वहिनी ती गोळी सुपारीच्या डबीत ठेवतात."

मी तडक डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी गोळीच्या नावाची फोनवर त्या बाहेरच्या डॉक्टरकडून खात्री करून घेतली आणि मान हलवली. ती गोळी लघवीवाटे पाणी काढते, आणि पाण्याबरोबर मीठही काढते. तिच्यावर असलेल्या माणसाने उन्हात असं नुसतं पाणी पिणं आणखी धोक्याचं. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कळायला हवं होतं. पण आम्ही केलं हेच असतं." त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, मला माहीत नाही. मी परत विचारलं नाही.

बाहेरच्या डॉक्टरने मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. भोईटेने बंदच केलं. फौजी माणूस. कमी करणं त्याला जमत नाही, बंद करणं जमतं. माझ्या ड्रमची त्याने चेष्टा केली, पण त्याला माझ्या ड्रमची भीती नव्हती. त्याला मिठाची भीती होती. मेडिकल पुढच्याच महिन्यात होतं. आणि हे कुणासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं.

हवालदार शिवराम भोईटे दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

आमच्या सोसायटीत आता पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी पहाटे पाम बीचच्या बाजूला जातात. पाठीवर नळीवाली पिशवी, हाताला घड्याळ, ते घड्याळ यांना पाणी प्या म्हणून आठवण करून देतं. मी जुना फौजी, म्हणून मला विचारतात, "जाधव काका, तासाला किती लिटर?" मी म्हणतो, लिटर मला विचारू नका. तहान लागेल तसं प्या, शर्यत लावल्यासारखं पिऊ नका. घाम गाळताय तर थोडं मीठही पोटात जाऊ द्या. पोट डचमळायला लागलं, बोटं सुजली, डोकं धरलं तर थांबा आणि कुणाला तरी सांगा, वरून आणखी बाटली ओतू नका. आणि बीपीची गोळी घेत असाल तर पळण्याआधी तुमच्या डॉक्टरशी बोला. शेवटच्या वाक्याला नेहमी दोघं-तिघं बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकतात. मी ओळखतो.

डेपोत बाटलीचा नियम बंद झाला. नवीन हुकूम आला, जास्त शहाणा. राणा साहेब त्यानंतर वर्षभराने पेन्शनवर गेले. निरोपाच्या जेवणानंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "जाधव, मैंने उसको शाबाशी दी थी." मी उभा राहिलो. त्यांनी माझा खांदा दाबला आणि गेले.

भोईटेला आम्ही त्याच्या गावी घेऊन गेलो. आम्ही आठ जण आणि बिगुलर. शाळेच्या मैदानात ठेवलं. रायफली उलट्या झाल्या, बिगुल वाजलं. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "कुठल्या बॉर्डरवर होता पोरगा?" मी म्हणालो, "नवी मुंबईला." त्याने विचारलं, "आणि काय झालं?" मी म्हणालो, "ड्युटीवर गेला, बाबा." त्याहून जास्त त्या गर्दीत सांगता येत नव्हतं.

त्या गावाच्या कमानीवर संगमरवरात नावं आहेत. लढाईत गेलेल्यांची. भोईटेचं तिथे येणार नाही. नियमात बसत नाही आणि माझी तक्रारही नाही. पण तो माझा बडी होता. बर्फात पोस्ट सांभाळलेला, रायफलला जमीन लागू न देणारा, आजीच्या एका वाक्यावर ठसका लागेपर्यंत हसणारा. ज्यांनी पाणी दिलं त्यांनी मनापासून दिलं, आणि त्याने ते शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं. त्याचं नाव दुसरीकडे कुठे कोरलं जाणार नाही, म्हणून मी इथे पूर्ण लिहितो. हवालदार शिवराम ज्ञानदेव भोईटे.

परत येताना गाडीत सुनंदा माझ्या शेजारी होती. घाट उतरला. मग माझ्याच्याने राहवेना. मी म्हणालो, "सगळं समजू शकतो. पण डॉक्टर विचारत होत्या, माणूस आत पडलेला, आणि वहिनी तोंडावर खोटं बोलल्या. साहेबांना घाबरून. अशा वेळी?"

सुनंदाने खिडकीची काच वर केली.

"साहेबांना घाबरल्या नाहीत त्या," ती म्हणाली. "माणूस हातचा जातोय हे तुम्हाला सगळ्यांना तेव्हा कळलं होतं, त्यांना कळलं नव्हतं. त्यांच्या मनात भावोजी सोमवारी ड्युटीवर जाणारच होते."